पुळणीवरची धाव आणि ओहोटी
वाळूत पळून पाय भक्कम होतात, मग मॅरेथॉनची वेळ आपोआप कमी होते, हे मत मला अर्धंच पटतं. मी एक अख्खा हंगाम रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर मऊ वाळूत पळालो. पोटऱ्या दुखावल्या, वेळ होती तिथेच राहिली. वेगाचा सराव डांबरी रस्त्यावरच हवा. पुळण ठेवायची सावकाश लांब धावेसाठी, तीही ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर.

त्यासाठी आपल्याकडचा जुना हिशेब वापरा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ (पौर्णिमा-अमावास्येला 15 ची पाऊणपट, म्हणजे दिवसा आणि रात्री सव्वाअकराच्या सुमारास), पुढे साधारण 6 तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणून पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पहाटे पाणी खूप आत गेलेलं असतं. आणि पुळण समुद्राकडे उतरती असल्याने उताराकडच्या पायावर जास्त ताण येतो, तेव्हा जितकं जाल तितकंच त्याच वाटेने परत या.