न्यूयॉर्कमध्ये वेगवेगळ्या देशांची खरी चव देणारी रेस्टॉरंट्स कशी शोधायची? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

कामासाठी आम्ही इकडे आलोय, राहतो जर्सी सिटीत, माझं ऑफिस मॅनहॅटनच्या मिडटाउनला. इंडियन रेस्टॉरंट्स नकोयत, ते घरी रोज असतंच आणि न्यू जर्सीतल्या एडिसनला, भारतीय वस्तीत, जाणं होतंच अधूनमधून. मला विचारायचंय ते बाकीच्या जगाबद्दल. असं म्हणतात की न्यूयॉर्कमध्ये सगळ्या देशांचं जेवण मिळतं, पण नेमकं कुठं आणि कसं शोधायचं हे कुणी नीट सांगत नाही. प्रत्येक यादीत मॅनहॅटनमधली तीच तीच नावं आणि महिन्याआधी बुकिंग करा वगैरे.

ॲपवरचे स्टार बघून जायचं तर त्यात फसायला होतं. मागे एका थाई ठिकाणी गेलो होतो (नाव नको), ४.७ रेटिंग, बाहेर रांग. नवऱ्याने कच्च्या पपईचं सॅलड मागवलं तर ते चक्क गोड, मिरची नावाला एक तुकडा, आणि वर शेंगदाण्याचा ढीग. घरी येऊन रिव्ह्यू परत वाचले तर निम्म्या लोकांनी लायटिंग किती छान, कॉकटेल किती छान, वेटर किती हसतमुख हेच लिहिलेलं, जेवणाबद्दल एक ओळ. आणि उलट ३.८ वाल्या ठिकाणांचे रिव्ह्यू वाचले तर तक्रारी काय, तर पाणी दोनदा मागावं लागलं, बसायला स्टूल होतं, मेन्यू आमच्या भाषेत नव्हता. आता हे मला चालतं हो! पण मग ते स्टार वाचायचे तरी कसे?

आता आमची खरी अडचण. मी व्हेज, अंडं चालतं. नवरा सगळं खातो पण बीफ आणि पोर्क नाही. आणि जुलैमध्ये सासूबाई येतायत, म्हणजे नेमका चातुर्मास, त्यांचं कांदा-लसूण बंद. तुम्ही म्हणाल मग त्यांना कशाला नेताय, तर सगळ्यात जास्त उत्साह त्यांनाच आहे, फोनवर आत्तापासूनच विचारतायत की तिकडे इथिओपियाचं मिळतं का, त्यांनी टीव्हीवर बघितलंय.

तर दोन गोष्टी सांगा. चांगलं ठिकाण ओळखायचं कसं, आणि तिघांना एकत्र नेता येईल असं काय काय आहे? ट्रेनने जाण्यासारखं सांगा, गाडी नाहीये. पैशांची चैन पण नाही, टॅक्स आणि टिप धरून बिल कुठल्या कुठे जातं.

प्रतिसाद १ :
बरीच वर्षं क्वीन्समध्ये (न्यूयॉर्कचाच एक भाग) राहतोय म्हणून लिहितो. सगळ्यात आधी मॅनहॅटन डोक्यातून काढा. भाडं इतकं असतं की तिथल्या माणसाला सगळ्यांना आवडेल असंच बनवावं लागतं, तुमची पपई गोड झाली ती त्यामुळेच. ज्या देशाचं जेवण हवंय त्या देशाची माणसं राहतात कुठे हे आधी बघा, मग हॉटेल शोधा. तुमच्या ऑफिसजवळून ७ नंबरची ट्रेन सुटते ना, ती क्वीन्समध्ये थोडी पुढे गेली की रूळ वरून जातात आणि खाली रूझवेल्ट अव्हेन्यू. ६९ स्ट्रीटला उतरलात तर फिलिपिनो वस्ती, पुढच्या ७४ स्ट्रीटला जॅक्सन हाइट्स, तिथे नेपाळी, तिबेटी, बांगलादेशी आणि कोलंबियन एकमेकांना खेटून. तिथनं चालत एल्महर्स्ट, थाई आणि इंडोनेशियन तिकडे खा. शेवटचा स्टॉप फ्लशिंग, तिथे उत्तर चीनमधलं, हाताने ओढलेल्या नूडल्स वगैरे. कुठेही उतरलात तरी तिकीट तेवढंच.

स्टारबद्दल म्हणाल तर मी आकडा बघतच नाही, फोटो बघतो. लोकांनी टेबलावरचे काढलेले फोटो. प्रत्येक टेबलावर तोच एक पदार्थ दिसला तर तोच मागवायचा. त्याच भाषेत लिहिलेले रिव्ह्यू असतील तर भाषांतर करून वाचायचे, ती माणसं मिठावरून भांडतात, लायटिंगवरून नाही. आणि मेन्यू छोटा असेल तर बरं. जपानी सुशी, थाई नूडल्सचं पॅड थाई आणि व्हिएतनामी नूडल सूप फो एकाच ठिकाणी मिळत असेल तर बाहेरूनच नमस्कार.

प्रतिसाद २ :
वरच्यांशी सहमत, फक्त व्हेज लोकांसाठी थोडं. थाईमध्ये भाज्यांचा पदार्थ म्हणून जे येतं त्यात बहुतेक वेळा फिश सॉस असतो, करी पेस्टमध्ये कोळंबीची पेस्ट. "व्हेज आहे का" विचारलं तर हो म्हणतील कारण मांसाचे तुकडे नसतात, म्हणून फिश सॉसचं नाव घेऊनच विचारा. फोचं पाणी बीफच्या हाडांचं, त्यात टोफू घालून दिला तरी पाणी तेच. लांझोऊ या चिनी शहराच्या सूप नूडल्सचं पण तसंच, तुमच्या मिस्टरांना सांगून ठेवा.

सासूबाईंना चिनी बौद्ध पद्धतीच्या व्हेजिटेरियन रेस्टॉरंटात न्या. त्या परंपरेत कांदा-लसूण वर्ज्यच असतो, त्यामुळे काही समजावत बसावं लागत नाही. एकदा विचारून घ्या मात्र, सगळेच तितके काटेकोर नसतात. टेबलावर मांसासारखं दिसणारं काही आलं तर आधी सांगून ठेवा की ते सोयाचं किंवा गव्हाचं आहे, नाहीतर उठून जातील.

इथिओपियन तुम्हा दोघांसाठी बेस्ट. त्यांच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बुधवार-शुक्रवार आणि लेंटमध्ये (ईस्टरआधीचा उपासाचा काळ) मांस, दूध, तूप काहीच चालत नाही, त्यामुळे उपासाचं म्हणून डाळी-भाज्यांचं अख्खं ताट असतं. यत्सोम बेयानेतू म्हणा, एका मोठ्या इंजेरावर (डोशासारखा प्रकार) सगळं वाढून आणतात. टेफ नावाच्या धान्याचं पीठ आंबवून केलेला असतो, आंबट, जाळीदार. पण त्यातल्या मिसिर वोटचा, म्हणजे मसुराच्या तिखट डाळीचा, पायाच कांदा आहे हो, भरपूर परतलेला, लसूणही असतो. सासूबाईंना चातुर्मासात नाहीच चालणार.

प्रतिसाद ३ :
खिडकीत लावलेलं ए-बी-सी अक्षर बघत जा, महापालिकेचं हेल्थ इन्स्पेक्शन असतं, २०१० पासून आहे. १३ गुणांपर्यंत ए, २७ पर्यंत बी, त्यावर सी. गुण जितके कमी तितकं चांगलं. बी वाल्या ठिकाणी मी जात नाही.

प्रतिसाद १ :
मी बी वाल्या ठिकाणी बिनधास्त जातो. त्याचा चवीशी संबंध नाही, फ्रीजचं तापमान, हात धुवायचं सिंक, उंदीर-झुरळं अशा सगळ्या गोष्टींचे गुण एकत्र असतात. तपशील महापालिकेच्या साइटवर मिळतो, उंदराबद्दल असेल तर सोडा, नाहीतर जा. ज्याची त्याची मर्जी.

धागाकर्ती :
बापरे, किती माहिती! खूप आभार. इंजेरा आम्ही दोघं आत्ताच खाऊन घेतो मग, सासूबाईंना कार्तिकीनंतर कधीतरी. परत येणार आहेतच, तिकीट मीच काढणार :) अजून एक, ऑफिसमधली एक उझ्बेक मुलगी सारखी प्लोव्हबद्दल (त्यांचा मांस घातलेला पुलाव) सांगत असते, म्हणते क्वीन्समधल्या रेगो पार्ककडे जा. शनिवारी दुपारी जायचा विचार आहे, कुणी गेलंय का?

प्रतिसाद ४ :
शनिवारी दुपारी अजिबात जाऊ नका! तिथली वस्ती बुखारी ज्यूंची (मध्य आशियातून आलेले ज्यू) आहे, १०८ स्ट्रीटच्या आसपास. बरीचशी रेस्टॉरंट्स कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळणारी, आहेत, शब्बाथमुळे शुक्रवारी सूर्यास्ताच्या आधी बंद होतात ती शनिवारी रात्रीपर्यंत. रविवारी जा. प्लोव्हमध्ये बीफ की लँब हे विचारून घ्या, दोन्ही असतं. तुमच्यासाठी भोपळ्याचा साम्सा (समोशासारखा, भट्टीत भाजलेला) मिळतो का बघा, आणि गाजराचं सॅलड, लसूण असतो पण झकास. जेवणानंतर चहात दूध मागू नका, मांस देणाऱ्या कोशर किचनमध्ये दूध ठेवतच नाहीत. ग्रीन टी मागवा, किटली भरून देतात.