बीपीची गोळी वाढवल्यापासून आईच्या पायांवर सूज: काय करावे?

प्रश्नकर्ता (मानेवाडा, नागपूर):

नमस्कार. माझी आई ६८ वर्षांची असून गेली सहा वर्षे रक्तदाबासाठी अम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी घेत होती. गुढीपाडव्याच्या सुमारास तिचा वरचा आकडा सतत १६० च्या आसपास राहू लागला, तेव्हा डॉक्टरांनी तीच गोळी १० मिलिग्रॅमची केली. रक्तदाब १३५ च्या घरात आला, पण तीन आठवड्यांतच दोन्ही घोट्यांवर सूज दिसू लागली. सकाळी पाय जवळजवळ नेहमीसारखे असतात. दिवेलागणीपर्यंत मात्र जोडवी बोटांत रुततात आणि नडगीवर अंगठा दाबला तर पडलेला खळगा बराच वेळ भरून येत नाही.

डॉक्टर बाहेरगावी होते, म्हणून घराजवळच्या औषधांच्या दुकानात विचारले. तेथून लघवीवाटे पाणी काढणारी फ्युरोसेमाइडची गोळी मिळाली. ती पाच दिवस दिली, पण सूज फारशी उतरली नाही. परवा पहाटे कूलरमध्ये पाणी भरायला उठली असता आईच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती कूलरची कड धरून खाली बसली. ती गोळी आम्ही त्याच दिवशी थांबवली. शेजारच्या काकू म्हणतात की मूत्रपिंडावर परिणाम झाला असावा, आणि आई म्हणते की आता बीपीची गोळीच नको. डॉक्टर सोमवारी येत आहेत. तोपर्यंत काय करावे आणि त्यांना नेमके काय विचारावे, हे कृपया सांगावे.

उत्तर १ (निवृत्त औषधनिर्माता, महाल):

सर्वप्रथम, आईंना बीपीची गोळी स्वतःहून बंद करू देऊ नका. पायांवरची सूज त्रासदायक असली तरी सहसा धोकादायक नसते. रक्तदाब पुन्हा १६० च्या वर जाऊन तेथेच राहणे हे या वयात अधिक घातक आहे.

तुम्ही वर्णन केलेली सूज अम्लोडिपिनची ओळखीची सूज वाटते. ही गोळी लहान धमन्या सैल करते, शिरा मात्र तितक्या सैल होत नाहीत. रक्त येण्याची वाट रुंद झाली आणि परत जाण्याची तेवढीच राहिली, की मधल्या केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी आजूबाजूच्या भागात झिरपते. दिवसभर उभे राहिल्याने ते घोट्यांपाशी साठते आणि रात्री पाय आडवे झाले की ओसरते. याचा मात्रेशी थेट संबंध आहे: औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकानुसार ५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांना, तर १० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी सुमारे ११ टक्के लोकांना सूज आली, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तिचे प्रमाण अधिक आढळले.

आता फ्युरोसेमाइडविषयी. या प्रकारच्या सुजेत शरीरात पाणी जास्त झालेले नसते, ते फक्त चुकीच्या जागी साठलेले असते. त्यामुळे पाणी काढणाऱ्या गोळीने घोट्याची सूज फारशी हलत नाही, पण रक्तातले पाणी आणि क्षार मात्र कमी होतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि घामावाटे आधीच पाणी जात असते. अशा दिवसांत ही गोळी दिल्यावर पहाटे अंधारी आली, यात मला नवल वाटत नाही. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचेच नसते, आणि माझ्याच व्यवसायातील माणसाने ते दिले याचे मला मनापासून वाईट वाटते.

उत्तर २ (गृहिणी, धरमपेठ):

आमच्या घरी वेगळ्या गोळीने असाच घोळ झाला होता, म्हणून लिहीत आहे. यजमानांना बीपीसाठी रामिप्रिल सुरू झाले आणि महिन्याभराने कोरडा खोकला लागला. कफ नाही, ताप नाही, पण रात्री आडवे झाले की घशात खवखव सुरू होऊन ते उठून बसत. खोकल्याची दोन औषधे झाली, छातीचा एक्स-रे झाला, मग अ‍ॅलर्जीची गोळी आली. शेवटी एका डॉक्टरांनी विचारले की खोकला आधी आला की गोळी आधी आली. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दूध आणि गॅस सिलिंडरच्या नोंदींबरोबर औषधांच्याही नोंदी करत असे, त्यामुळे तारीख लगेच सापडली. गोळी बदलून टेल्मिसार्टन दिले आणि तीन आठवड्यांत खोकला गेला. तुम्हीही सोमवारी जाताना तारखा लिहून न्याव्यात, कारण आठवणीने सांगताना आपण क्रम चुकतो.

उत्तर ३ (फिजिशियन, नंदनवन):

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. तरीही सुजेचे कारण गोळीच आहे, असे तपासणीवाचून धरून चालू नये. सूज एकाच पायावर असेल आणि पोटरी दुखत असेल, आडवे झाल्यावर धाप लागत असेल, किंवा सकाळी चेहरा आणि डोळ्यांखालचा भाग सुजत असेल, तर सोमवारची वाट न पाहता लगेच दाखवा. तसे काही नसेल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्ततपासणी), सोडियम, पोटॅशियम आणि लघवीतील प्रथिने या साध्या तपासण्या पुरेशा आहेत. त्यांतून काकूंच्या शंकेलाही उत्तर मिळेल.

घरी बीपीचे यंत्र असेल तर एक गोष्ट आजच करावी. आईंना पाच मिनिटे आडवे करून रक्तदाब मोजा, मग उभे करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, आणि तोपर्यंत त्यांनी पलंगाच्या कडेला थोडे बसूनच उठावे. पहाटेचे कूलरचे काम काही दिवस तुम्ही करावे.

उपायांची दिशा बहुधा अशी असेल: अम्लोडिपिन पुन्हा ५ वर आणून जोडीला टेल्मिसार्टनसारखे औषध देणे. ते शिरांनाही सैल करते, त्यामुळे सूजही कमी होण्यास मदत होते. काही वेळा अम्लोडिपिनऐवजी सिल्निडिपिन देतात, त्याने पाय कमी सुजतात. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा तपासावे लागते.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळाच आहे. सहा वर्षे ५ मिलिग्रॅमवर स्थिर असलेला रक्तदाब पाडव्याला अचानक का वाढला? त्या सुमारास आईंनी दुसरे काही औषध, विशेषतः सांधेदुखीची गोळी, सुरू केली होती का?

प्रश्नकर्ता (मानेवाडा, नागपूर):

आपला प्रश्न वाचून आईच्या औषधांचा डबा उघडला. होळीपासून ती गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅकच्या गोळ्या रोज दोन घेत होती. त्या दुखण्याच्या असल्यामुळे आपण औषध घेत आहोत असे तिला वाटलेच नाही, आणि डॉक्टरांनी विचारले तेव्हा तिने फक्त बीपीची गोळी सांगितली.

आडव्या स्थितीतला रक्तदाब १३२/७८ आणि उभ्याने ११८/७४ भरला. सूज दोन्ही पायांवर सारखीच आहे आणि धाप लागत नाही.

उत्तर ३ (फिजिशियन, नंदनवन):

मग चित्र बरेच स्पष्ट होते. अशा वेदनाशामकांमुळे शरीरात मीठ आणि पाणी अडते, काहींचा रक्तदाब वाढतो आणि पायही सुजतात. टेल्मिसार्टन, पाणी काढणारी गोळी आणि असे वेदनाशामक, ही तिन्ही एकाच वेळी चालू असतील तर उन्हाळ्यात मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. म्हणून नवे औषध सुरू होण्यापूर्वी डायक्लोफेनॅकचा उल्लेख डॉक्टरांकडे सर्वांत आधी करा, आणि त्यांना भेटेपर्यंत ते घेऊ नका.

प्रश्नकर्ता (मानेवाडा, नागपूर):

सोमवारी जाऊन आलो. डायक्लोफेनॅक बंद झाले असून गुडघ्यांसाठी गरजेपुरते पॅरासिटामॉल आणि व्यायाम सांगितला आहे. अम्लोडिपिन ५ वर आले आणि टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम जोडले. क्रिएटिनिन व्यवस्थित आहे, फक्त सोडियम किंचित कमी निघाले. दिनदर्शिकेत नोंदी करायला आईनेच सुरुवात केली आहे. रोज संध्याकाळी शिवणकामाच्या टेपने ती घोटा मोजते: सोमवारी साडेसव्वीस सेंटिमीटर होता, आज नवव्या दिवशी पंचवीस आहे. पुढची रक्ततपासणी येत्या सोमवारी आहे, तिचा अहवाल येथे लिहीन.

उत्तर १ (निवृत्त औषधनिर्माता, महाल):

अम्लोडिपिन शरीरातून सावकाश जाते, रक्तातला त्याचा अर्धा अंश कमी व्हायलाच ३० ते ५० तास लागतात, त्यामुळे सूज उतरायला वेळ लागला तरी आईंनी धीर धरावा. या दुष्परिणामाची नोंद भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णाच्या घरच्यांनाही करता येते. ती अवश्य करा, आणि त्यात फ्युरोसेमाइडनंतर आलेल्या अंधारीचाही उल्लेख करा.