कॉर्डलेस ड्रिल : कंपनीआधी भिंत पाहा

१२ व्होल्टचं ड्रिल घ्यावं की १८ चं, या प्रश्नावर इथे बहुतेकांनी कंपन्यांची नावं सुचवलीत. माझ्या मते आधी काम पाहा. प्लायवूड, कपाटाचे स्क्रू एवढंच असेल तर १२ व्होल्ट भरपूर झालं, हातालाही हलकं. विटांच्या भिंतीत पडद्याचे ब्रॅकेट लावायचे असतील तर हॅमरची (फिरताना ठोकेही देण्याची) सोय असलेलं १८ व्होल्टचं घ्या. काँक्रीटच्या स्लॅब किंवा बीमसाठी मात्र यातलं कुठलंच नको. तिथे एसडीएस बिटचं (खाचेच्या दांड्याचं, जोरदार ठोके झेलणारं भोक पाडायचं पातं) रोटरी हॅमर, म्हणजे काँक्रीट फोडणारं दणकट ड्रिल, दिवसभरासाठी भाड्याने आणलेलं बरं. आणि खोक्यावर २० व्होल्ट दिसलं म्हणून भुलू नका. बॅटरीतले पाच सेल पूर्ण चार्ज असताना तेवढं भरतं, काम करताना ते १८ च.

आपल्या नागपुरात खरी परीक्षा बॅटरीची. मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, आणि लिथियम-आयन बॅटरी साधारण ४० अंशांच्या वर चार्ज करू नये. गच्चीवर काम करून ती तापली असेल तर कूलरच्या खोलीत निवू द्या, मगच चार्जरला लावा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर अजिबात ठेवू नका.

इतवारी बाजारात घ्यायला गेलात तर चकमध्ये (बिट धरणाऱ्या जबड्यात) लांब बिट लावून अगदी हळू फिरवून बघा. टोक डगमगलं तर ते मशीन परत ठेवा. सुटी बॅटरी केवढ्याला मिळते, सर्व्हिस सेंटर शहरातच आहे का, हे विचारूनच पैसे मोजा. मोटर टिकते हो, बॅटरी आधी थकते.