आधी 180 रुपयांची स्वायत्तता द्या, मग बोपखेल सांगा

खडूफळा:
परवाची ती पोस्ट डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढतोय. तिचं सार असं: पिंपरी-चिंचवड पालिकेची बोपखेलची शाळा 2022 साली आणि मुंबई पालिकेची शिंदेवाडीची शाळा 2023 साली जगातल्या उत्तम शाळांच्या बक्षिसासाठी आपापल्या गटात पहिल्या दहांत होत्या. दोन्ही आकांक्षा फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था चालवते. सबब सगळ्याच सरकारी शाळा संस्थांना देऊन टाका, मास्तर सुतासारखे सरळ होतील.

अहो, तिथं इमारत पालिकेची, शिक्षक संस्थेचे. मुख्याध्यापकाला माणसं निवडता येतात. माझी झेडपीची शाळा, चौथीपर्यंत, पट 41. संयुक्त शाळा अनुदान 25,000, तेही येईल तेव्हा. गेल्या पावसाळ्यात टाकीचा नळ तुटला. नळ 180 रुपयांचा. पैसे पीएफएमएसवरून, म्हणजे सरकारच्या ऑनलाईन प्रणालीतूनच द्यायचे, त्यासाठी दुकानदाराचं खातं जोडायचं. तो म्हणाला, "गुरुजी, रोख देता का जाऊ?" खिशातून दिले. तपासणीला साहेब आले तेव्हा विचारलं, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव कुठाय. पोरांनी नळाला सुतळी बांधून तीन आठवडे काढले होते, ते नाही विचारलं.

कासारवाडीकर:
गुरुजी, नळाचं वाईट वाटलं. पण तुम्ही आमचीच बाजू मांडलीत की! माझी पोरगी अशाच एका पालिका शाळेत आहे. आईबापांची सभा संध्याकाळी सातला ठेवतात, कारण आम्ही दिवसा कंपनीत. आधीच्या शाळेत सभा सकाळी अकराला. अर्ध्या दिवसाचा पगार कापून गेलो तर बाई जनगणनेच्या ट्रेनिंगला.

लाल शाई:
ट्रेनिंगला बाई हौसेनं गेल्या होत्या का? मतदारयादीचे बीएलओ आम्ही, खिचडीची नोंदवही आम्ही, युडायसवर शाळेची माहिती भरणारे आम्ही. हे ओझं काढा, मग तुलना करा. आणि वेगळ्या शाळांचं कौतुक आम्हाला सांगू नका. 2018 ला आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढलं, झेडपीच्या निवडक शाळा त्याला जोडल्या. सरकार बदललं, मंडळ गुंडाळलं, शाळा परत राज्य मंडळाकडे. उद्या संस्थेची देणगी आटली की तुमच्या मुलीची शाळा कोणाच्या दारात उभी राहणार?
शिवाय 2025 ला त्याच बक्षिसाच्या पहिल्या दहांत पुण्याच्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा होती. साधी झेडपीची. ती कोणत्या संस्थेला दिली होती?

कासारवाडीकर:
तिथं वरच्या वर्गातली पोरं खालच्यांना शिकवतात, 'विषय मित्र' म्हणतात. गाव मागं उभं राहिलं. म्हणजे स्वायत्तता मिळाली नाही, त्यांनी ती घेतली. प्रत्येक गुरुजीनं एवढी छाती कुठून आणायची?

वेशीवरचा:
छाती राहू द्या, आधी मास्तर गावात राहू द्या. आमच्याकडे पाचला शाळा सुटते आणि पाच दहाच्या एसटीत दोन्ही गुरुजी. घरभाडं भत्ता मात्र गावात राहतो म्हणून घेतात. 2022 ला आमदार प्रशांत बंब विधानसभेत हेच बोलले तर केवढा थयथयाट केलात!

लाल शाई:
आला! मला वाटलंच होतं. विषय काय, बोलतोय काय.

वेशीवरचा:
विषय हाच आहे. मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच राहतो म्हणून ग्रामसभेचा ठराव जोडावा लागतो ना? मी ग्रामसभेला होतो. ठराव वाचलाच नाही, सह्या मात्र झाल्या.

खडूफळा:
मग सही तुम्हीही केलीत! आणि गावात खोली दाखवा की. मी चार घरं फिरलो. एकीत संडास नाही, दुसरीत मालकाचे कांदे, तिसऱ्यानं जात विचारली. चौथं घर सरपंचाचं, ते रिकामं असूनही देईनात. बायको दवाखान्यात नर्स, तिची ड्युटी तालुक्याला. कुठं राहू, वर्गात?

वेशीवरचा:
माझे वडील शाळेच्याच खोलीत राहायचे, मास्तर होते. रात्री कंदिलावर अभ्यास घ्यायचे. मी त्यातलाच.

लाल शाई:
तुझे वडील ऑनलाईन माहिती भरत नव्हते रे.

वेशीवरचा:
अरे-तुरे नको. वय काय तुमचं?

लाल शाई:
68. निवृत्त. पेन्शन जुनी, तीही डोळ्यात खुपत असेल.

कासारवाडीकर:
दोघंही थांबा. शिक्षकाला त्या शाळेसाठी निवडलं असतं तर त्यानं येतानाच राहण्याचं बघितलं असतं. बदलीच्या पोर्टलवर वीस-तीस शाळांचा प्राधान्यक्रम भरून कोणी कुठंही पडतो, त्याला गावाचं काय?

खडूफळा:
हे मात्र खरं. पोर्टलनं मला या गावात टाकलं तेव्हा गाव नकाशात शोधावं लागलं होतं. पण निवडणार कोण? संस्था निवडणार असेल तर मुलाखतीत इंग्रजी बोलणारा पुढं. समिती निवडणार असेल तर सरपंचाचा भाचा.

वेशीवरचा:
सरपंचाला भाचा नाही. जावई आहे, डीएड झालेला.
बरं गुरुजी, माझ्या मागच्या अंगणात एक खोली आहे. संडास आहे. दार लावायचं राहिलंय.

खडूफळा:
दारासाठी ठराव लागेल का?