खर्च वाढला, पण कोणत्या वेगाने?

‘ब्रिटनमध्ये एनएचएसचा (सरकारी आरोग्यसेवेचा) खर्च दरवर्षी वाढतोच आहे, मग कपात कुठे झाली?’ या प्रश्नाबद्दल. महागाई वजा करूनही खर्च वाढलाय हे खरं, पण वेग बघा. १९४८ पासूनची सरासरी वाढ वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या वर; २०१० नंतरच्या दशकात ती दोन टक्क्यांच्याही खाली. त्याच काळात लोकसंख्या वाढली, वृद्ध रुग्ण वाढले. म्हणून दरडोई आणि वयानुसार हिशेब न मांडता नुसतं ‘वाढ’ म्हणणं मला रुग्णांवर अन्याय वाटतो.

आणि महागाई मोजतात जीडीपी डिफ्लेटरने, म्हणजे सगळ्या अर्थव्यवस्थेच्या सरासरी दरवाढीने. रुग्णालयांचा मोठा खर्च मात्र पगारांवर असतो. कोविडमुळे २०२०-२१ मध्ये हा डिफ्लेटर इतका विचित्र उसळला की त्या एका वर्षाशी केलेली तुलना कृपया बाजूला ठेवा.