आर्टिकलशिप आणि 'सर'

इंटर्नशिपचे चीज होणे हे संस्थेच्या नावावर अवलंबून असते, असे या चर्चेत एका सदस्याने म्हटले आहे. माझा अनुभव मात्र वेगळा आहे. मी सीएची आर्टिकलशिप (सीएच्या हाताखाली करायचे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण) केली तेव्हा ती ३ वर्षांची होती (१ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत ती २ वर्षांची झाली) आणि सुरुवातीचे कित्येक महिने व्हाउचर (खर्चाच्या नोंदीचे कागद) तपासून त्यांवर टिकमार्क करण्यातच गेले. दुसऱ्या, बऱ्याच मोठ्या फर्ममधला माझा मित्रही तेच करत होता, पण त्याला फक्त किती फायली संपल्या एवढेच विचारले जाई, तर आमचे सर त्यातलेच एखादे बिल उचलून विचारत, "बिल २९ मार्चचे, माल गेटवर आला ४ एप्रिलला, मग ही खरेदी कोणत्या वर्षाची?" उत्तर ते सांगत नसत, आवक नोंदवही पाहून या म्हणत.

एकदा मी ६३,०००चे ३६,००० लिहिले आणि बँकेचा मेळ बसेना. अशिलासमोर सर "आमच्याकडून चूक झाली" एवढेच म्हणाले, आणि ऑफिसात परतल्यावर त्यांनी २७,०००च्या त्या फरकाला ९ने भागायला लावले. भाग पूर्ण जातो, तेव्हा आकड्यांची अदलाबदल आधी शोधायची, हे मी कोणत्याही वर्गात शिकलो नव्हतो. विद्यावेतन, खरे सांगायचे तर, बसपासापुरतेच होते.