टीममधल्या मुलाची चूक लीडरने स्वतःवर घ्यावी का?

तरुणसंघ_सेवक:
जय ख्रिस्त सगळ्यांना. मी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, तरुण संघाचं काम बघतो. कॅम्पच्या पैशांचा हिशोब एका मुलाकडे दिला होता, त्यात रक्कम कमी भरतेय. चोरी नाहीये हे नक्की, पावत्या नीट ठेवल्या नाहीत आणि काही खर्च लिहायचेच राहिले. रविवारी वडील मंडळापुढे (चर्चचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांपुढे) हिशोब ठेवायचाय आणि तो इतका घाबरलाय की उपासनेलाही येत नाही. मला वाटतं सरळ सांगावं की हिशोब माझ्याकडेच होता आणि फरक खिशातून भरून टाकावा. येशूने आपल्यासाठी प्राण दिला, मग लीडरने एवढं तर करायलाच हवं ना? बायको म्हणते हे खोटं बोलणं झालं.

वचनप्रेमी:
वहिनींचं बरोबर आहे भाऊ. बायबलमधलं पौलाचं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र काढून वाचा, 25च वचनं आहेत. अनेसिम हा मालकाकडून, म्हणजे फिलेमोनाकडून पळालेला दास, पौल त्याला परत पाठवतो आणि फिलेमोनाला लिहितो की तो तुझं काही देणं लागत असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, आणि हे मुद्दाम स्वतःच्या हाताने लिहितो. देणं नव्हतंच असं तो म्हणत नाही किंवा पळून मीच गेलो होतो असंही नाही. खरं काय ते तसंच ठेवून भार तेवढा स्वतःवर घेतो. तुम्ही पण सांगा की हिशोब त्याच्याकडे होता, काम मी दिलं, लक्ष ठेवणं माझं होतं, फरक मी भरतो.

नहेम्या_५:
फक्त भरायच्या आधी घरी विचारा, ते पैसे घरातल्या सगळ्यांचे आहेत. जुन्या करारातल्या नहेम्याने 12 वर्षं सुभेदार असून सुभेदाराचा भत्ता घेतला नाही, कारण लोकांवर आधीच बोजा होता, पण सोडला तो स्वतःचा हक्क. आपण बरेचदा बायकोमुलांच्या वाटचं सोडतो आणि त्याला त्याग म्हणतो, ते मला पटत नाही.

तरुणसंघ_सेवक:
हे डोक्यातच नव्हतं आलं, घरी बोलतो. पण सगळ्यांपुढे त्याचं नाव घेतलं तर तो कायमचा तुटेल हीच भीती आहे.

वचनप्रेमी:
मग सगळ्यांपुढे कशाला? मत्तयाच्या शुभवर्तमानात, 18:15 मध्ये, चुकलेल्या भावाकडे आधी एकांतात जायला सांगितलंय. रविवारच्या आत त्याच्या घरी जा, पावत्या घेऊन बसा, आठवतील ते खर्च त्याच्याच हाताने लिहू द्या, निम्मा फरक तिथेच मिटेल बहुतेक. मग वडील मंडळातल्या एकाला आधी भेटून सांगा, आणि मीटिंगला त्याला शेजारी बसवा, बोलायचं तुम्ही. आणि कोणी आवाज चढवलाच तर तेव्हा मात्र तुम्ही मध्ये पडायचं, भाऊ.